परवानगीचा कागद कोणाच्या खिशात?

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात या देशातला चलत्‌चित्रांचा पहिला खेळ झाला. ल्युमिए बंधूंच्या त्या खेळात जी छोटी छोटी चित्रे दाखवली गेली, त्यांपैकी एक स्टेशनात येणाऱ्या आगगाडीचे होते आणि दुसरे काम संपवून कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे. सिनेमा या देशात उतरला तोच आगगाडी आणि कामगार यांना बरोबर घेऊन. पुढच्या सव्वाशे वर्षांत सिनेमाने आगगाडीचा यथेच्छ उपयोग करून घेतला. नायक-नायिकेची ताटातूट फलाटावर, भेट फलाटावर आणि मारामारी डब्याच्या टपावर! कामगार मात्र हळूहळू पडद्यावरून नाहीसा झाला. पडद्यामागे राबणारा कामगार तर प्रेक्षकाला कधी दिसलाच नाही. चित्रपट संपून नावांची यादी वर सरकू लागते, तेव्हा आपण चपला शोधत असतो.

त्या यादीत बरेच खाली असलेल्या एका हुद्द्याबद्दल आम्ही आज लिहिणार आहोत. हुद्दा आहे कॅमेऱ्याच्या दुसऱ्या सहायकाचा, म्हणजेच 'सेकंड कॅमेरा असिस्टंट'चा. रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानांवर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या हुद्द्यावर काम करणारी एक सत्तावीस वर्षांची मुलगी रेल्वेच्या पुलावर, मालगाडीच्या धडकेत, कामावर असताना मरण पावली. ती का मेली याचा छडा लागला तेव्हा जे बाहेर आले, ते गँगमनपासून लोको पायलटपर्यंत आणि आरएमएसच्या सॉर्टरपासून ग्रामीण डाक सेवकापर्यंत प्रत्येकाने विचारात घ्यावे असे आहे.

दुसरा सहायक म्हणजे कोण?

कॅमेरा विभागाची उतरंड आपल्या खात्यांसारखीच आहे. सर्वांत वर छायाचित्रण दिग्दर्शक. त्याच्या हाताखाली कॅमेरा चालवणारा ऑपरेटर. मग पहिला सहायक, ज्याला 'फोकस पुलर' म्हणतात. नट पुढे-मागे सरकला तरी चित्र स्पष्ट राहील हे पाहणे त्याच्याकडे. त्याच्याही खाली दुसरा सहायक.

याच्याकडे काय काम असते? नट जिथे येऊन थांबणार तिथे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची खूण करायची. लेन्स, फिल्टर, बॅटरी मागितल्या क्षणी हातात द्यायची. शॉटचा आणि टेकचा नंबर लिहिलेली पाटी कॅमेऱ्यापुढे धरून तिची फळी आपटायची. चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर नोंदला जातो. फळीच्या त्या एका 'टक्'वर दोन्ही नंतर जुळवले जातात. आपल्याकडे ही क्लॅप देण्याचे काम बहुधा दिग्दर्शकाच्या सर्वांत कनिष्ठ सहायकाकडे असते. पाश्चात्त्य देशांत ते कॅमेऱ्याच्या दुसऱ्या सहायकाचे.

फिल्मवर चित्रीकरण होत असे तेव्हा याहून नाजूक काम त्याच्याकडे असे. काळ्या कापडाच्या बंद पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचे आणि डोळ्यांना काहीही न दिसता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने कोरी फिल्म मॅगझिनमध्ये भरायची. ३५ मिलिमीटरचा चारशे फुटांचा रोल सुमारे साडेचार मिनिटांत संपतो, त्यामुळे पुढचे मॅगझिन कायम तयार ठेवावे लागे. उजेडाची एक तिरीप आत शिरली की शेकडो माणसांची मेहनत पाण्यात. वापरलेली फिल्म डब्यात बंद करायची, डब्यावर रोलचा नंबर आणि किती फूट वापरली ते लिहायचे, सोबत अहवालाचा कागद जोडून डबा लॅबोरेटरीकडे रवाना करायचा. आरएमएसच्या डब्यात रात्रभर उभे राहून ज्यांनी बॅगा बांधल्या, सील केल्या, लेबले लावली, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. लेबल चुकले की बॅग भलत्याच गावाला जाते आणि बोल बांधणाऱ्यालाच लागतो. आता फिल्मची जागा काडेपेटीपेक्षा लहान कार्डाने घेतली आहे. जबाबदारी तीच आहे. कार्ड हरवले किंवा चुकून पुसले गेले, तर तो दिवस पुन्हा उगवत नाही.

काम चोख झाले की हा माणूस कोणाच्या लक्षात येत नाही आणि चुकले तरच सगळ्यांना आठवतो. ही रीत सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री जागून करीत. रसायने कालवणे त्यांच्याकडे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. फाळक्यांचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. सरस्वतीबाईंचे किती जणांना ठाऊक आहे?

आल्टामाहा नदीचा पूल

आता त्या मुलीकडे वळू. तिचे नाव सारा जोन्स. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातली. कॅमेरा कामगारांच्या संघटनेची, म्हणजे 'लोकल ६००'ची ती सभासद होती आणि दूरदर्शन मालिकांवर काम करून तिने धंद्यात जम बसवला होता. २० फेब्रुवारी २०१४ रोजी ती शेजारच्या जॉर्जिया राज्यात, जेसप गावाजवळ, 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाच्या कामावर होती. गायक ग्रेग ऑलमन याच्या आयुष्यावरचा हा चित्रपट. त्यातील एका स्वप्नदृश्यासाठी आल्टामाहा नदीवरील रेल्वेपुलावर, ऐन रुळांवर, इस्पितळातील लोखंडी खाट मांडण्यात आली.

हा पूल सीएसएक्स या खासगी रेल्वे कंपनीचा. मार्ग चालू, मालगाड्यांची वर्दळ नेहमीची. चित्रपटवाल्यांनी कंपनीकडे परवानगी मागितली होती आणि कंपनीने लेखी नकार दिला होता. एकदा नव्हे, दोनदा. शेजारची जमीन एका कागद-लगदा कंपनीची होती, तिची परवानगी तेवढी हाती होती. जमिनीची परवानगी म्हणजे रुळाची परवानगी नव्हे, हे आपल्या खात्यात नवा भरती झालेला पोरगाही सांगेल. दोन गाड्या निघून गेल्या. आता मार्ग मोकळा आहे असे गृहीत धरून माणसे पुलावर चढवण्यात आली. गाडी आलीच तर बाजूला व्हायला साठ सेकंद मिळतील, असे त्यांना सांगण्यात आले.

साठ सेकंद! आमच्या रेल्वेच्या वाचकांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. गाडीचा वेग होता ताशी सुमारे ९० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर, मिनिटाला दीड किलोमीटर. भरलेली मालगाडी ब्रेक दाबताच जागच्या जागी थांबत नाही. पुलावर बाजूला व्हायला होती ती एक अरुंद वाट. रेल्वेचा एकही माणूस तिथे नव्हता, पुढे-मागे लाल झेंडा घेऊन कोणी उभा नव्हता, कंट्रोलशी बोलणारा कोणी नव्हता. गाडी दिसली, शिट्टी ऐकू आली, माणसे पळाली. खाट रुळावरून ओढून काढायला काही जण धावले, ती निघाली नाही. गाडी खाटेवर आदळली. सारा जोन्स ठार झाली आणि तिचे अनेक सहकारी जखमी झाले.

या घटनेतली जी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी. नकाराचा कागद होता. तो वरच्यांकडे होता. पुलावर खाट, दिवे आणि कॅमेरा वाहून नेणाऱ्या माणसांपर्यंत तो पोहोचलाच नाही. आपले वरिष्ठ विनापरवाना आपल्याला चालू मार्गावर उभे करतील, असे त्यांच्या मनातही आले नाही. ज्याला 'नाही' म्हणायचे त्याला 'नाही' म्हणण्यासारखे काही आहे हेच कळू दिले नाही, तर त्याच्या हक्काला काय अर्थ उरतो?

निकाल लागला, पण

अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने चित्रपट कंपनीला ७४,९०० डॉलर दंड ठोठावला. मार्च २०१५ मध्ये दिग्दर्शक रँडल मिलर याने सदोष मनुष्यवध आणि रेल्वेच्या हद्दीत घुसखोरी हे गुन्हे कबूल केले. दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांतील दोन वर्षे तुरुंगात, उरलेली देखरेखीखाली. साधारण वर्षभरात तो सुटला. चित्रीकरणातील मृत्यूबद्दल हॉलिवूडच्या दिग्दर्शकाने तुरुंगात जाण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. १९८२ साली 'ट्वायलाइट झोन' चित्रपटाच्या वेळी हेलिकॉप्टर कोसळून एक नट आणि दोन बालकलाकार दगावले होते. त्या खटल्यात १९८७ साली सर्व आरोपी निर्दोष सुटले. सारा जोन्सच्या बाबतीत शिक्षा झाली, याचे एक कारण तो लेखी नकार होता. कागद खोटे बोलत नाही, म्हणूनच तो दडवून ठेवला जातो.

यानंतर जगभरच्या कॅमेरा सहायकांनी एक गोष्ट केली. सारा जी पाटी रोज हातात धरत असे, तशाच आपापल्या पाट्यांवर त्यांनी तिचे नाव लिहिले आणि ती कॅमेऱ्यापुढे धरली. ज्या हुद्द्याला कोणी ओळखत नव्हते, त्या हुद्द्याच्या माणसांनी स्वतःच्या हत्याराने आपले दुःख नोंदवले. तिच्या आईवडिलांनी सेटवरील सुरक्षेसाठी 'सेफ्टी फॉर सारा' ही मोहीम उभी केली.

या प्रकरणाचा एक भाग आपल्याला बोचणारा आहे. तो आम्ही लपवणार नाही. जुलै २०१७ मध्ये सॅव्हाना शहरातील न्यायालयात ज्यूरीने नुकसानभरपाई ठरवली १ कोटी १२ लाख डॉलर आणि त्यांतील ३५ टक्के जबाबदारी सीएसएक्स रेल्वेवर टाकली. परवानगी नाकारणाऱ्या रेल्वेवर जबाबदारी कशी? साराच्या कुटुंबाच्या वकिलांचे म्हणणे असे होते की, अपघाताआधी तासाभरात दोन गाड्या त्या चमूजवळून गेल्या, त्यांवरील कर्मचाऱ्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसे दिसली, तरीही ही खबर कंट्रोलला गेली नाही. तिसऱ्या गाडीच्या चालकाने धडकेपूर्वी ब्रेक लावला नाही, हाही त्यांचा आक्षेप होता. अवजड गाडीला एकाएकी ब्रेक लावला तर ती घसरण्याची भीती किती खरी असते, हे लोको पायलट जाणतात; त्या शेवटच्या क्षणी केबिनमधल्या माणसावर काय गुदरते, हेही तेच जाणतात. त्या चालकाला दोष देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. पण पहिल्या दोन गाड्यांचे काय? रुळाजवळ अनोळखी माणसांचा जथा आणि सामानसुमान दिसले, तर त्याची खबर देणे हे उपकाराचे काम नाही. एका कामगाराने दुसऱ्या कामगारासाठी करायचे ते कर्तव्य आहे.

एकोणीस तासांनंतर

सारा जोन्सच्या आधी सतरा वर्षे, त्याच हुद्द्यावरचा आणखी एक कामगार गेला होता. ब्रेंट हर्शमन, वय ३५, दोन मुलींचा बाप. 'प्लेझंटव्हिल' चित्रपटाच्या सेटवर एकोणीस तास काम करून ६ मार्च १९९७ रोजी तो गाडी चालवत घरी निघाला. चाकावरच डोळा लागला आणि अपघातात त्याचा अंत झाला. त्याच्या सहकाऱ्यांनी दिवसाला चौदा तासांची मर्यादा मागणारे निवेदन काढले. चौदा तास! शिकागोच्या हुतात्म्यांनंतर शंभर वर्षे उलटून गेल्यावर कामगारांना चौदा तासांची भीक मागावी लागली आणि तीही नियम म्हणून पदरात पडली नाही. ख्यातनाम छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर यांनी या प्रश्नावर २००६ साली 'हू नीड्स स्लीप?' हा माहितीपट काढला. २०२१ साली अमेरिकेतील सिनेकामगारांनी ९८ टक्के मतांनी संपाचा कौल दिला, तेव्हा कोठे दोन पाळ्यांमध्ये दहा तासांची विश्रांती करारात आली.

त्याच ऑक्टोबर २०२१ मध्ये 'रस्ट' चित्रपटाच्या सेटवर कॅमेरा विभागातील काही कामगार राहण्याची सोय, कामाचे तास आणि सुरक्षा यांबद्दल तक्रार करून काम सोडून गेले. त्यांच्या जागी दुसरी माणसे आणून काम चालू ठेवण्यात आले. त्याच दिवशी, २१ ऑक्टोबरला, बंदुकीतून गोळी सुटून छायाचित्रकार हेलिना हचिन्स ठार झाली. यातून आम्ही एवढेच घेतो की, मूठभर माणसांनी 'नाही' म्हणून निघून जाणे पुरेसे नाही. त्या 'नाही'ने काम थांबले पाहिजे. ते थांबवण्याची ताकद संघटनेत असते.

लोको कर्मचाऱ्यांना हे सांगायला नको. दहा तासांच्या ड्युटीची मागणी सरकारने ऑगस्ट १९७३ मध्ये मान्य केली ती संपाच्या जोरावर. पुढच्याच वर्षी, ८ मे १९७४ पासून, रेल्वेचा देशव्यापी संप झाला. त्या दहा तासांच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीसाठी रनिंग स्टाफला आजही भांडावे लागते. झोप हा सुरक्षेचाच भाग आहे, हे हर्शमनच्या मृत्यूने सांगितले आणि आपल्याकडेही डोळ्यांत तेल घालून रात्रपाळ्या काढणाऱ्यांनी ते वारंवार सांगितले आहे.

आपल्या देशातील सिनेकामगार

आपल्याकडे कॅमेरा बहुधा भाड्याने येतो आणि त्याच्याबरोबर भाड्याच्या कंपनीचे अटेंडंट येतात. कॅमेरा उचलणे, जोडणे, पुसणे, सांभाळणे, पुष्कळदा फोकस धरणेसुद्धा त्यांच्याकडे. पगार देणारा एक, काम सांगणारा दुसरा. रेल्वेतील ठेकेदाराचा सफाई कामगार आणि टपालातील ग्रामीण डाक सेवक यांची ही भावंडेच म्हणायची. काम खात्याचे, जबाबदारी पुरी, पण हक्काची गोष्ट निघाली की 'तुम्ही आमचे नव्हे'. कॅमेऱ्याचा विमा निघालेला असतो. तो खांद्यावर वाहणाऱ्याचा असेलच असे नाही.

मुंबईत सिनेकामगारांच्या वेगवेगळ्या शाखांच्या संघटना 'फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज' या महासंघात १९५६ पासून एकत्र आहेत. १९८१ साली संसदेने सिनेकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. निर्मात्याने कामगाराशी लेखी करार केल्याशिवाय आणि त्याची नोंदणी केल्याशिवाय कामावर घेऊ नये, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते. तो कायदा पुढे २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला आणि चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. या संहितांना कामगार संघटनांनी केलेला विरोध वाचकांना ठाऊक आहेच. पण लेखी कराराची अट नव्या संहितेतही आहे. प्रश्न असा की, रोजंदारीवर येणाऱ्या स्पॉट बॉयने किंवा अटेंडंटने तो करार कधी डोळ्यांनी पाहिला आहे काय?

१९ फेब्रुवारी २०२० रोजी चेन्नईजवळच्या एका स्टुडिओत तमिळ चित्रपटाच्या तयारीच्या वेळी क्रेन कोसळून तीन जण ठार झाले. तिघेही पडद्यामागे काम करणारे. मालिकांच्या सेटवर बारा तासांची पाळी ही रूढी होऊन बसली आहे. २०२५ साली एका आघाडीच्या अभिनेत्रीने आठ तासांची अट घातली, तेव्हा देशभर चर्चा झडली. तिने मागितले ते योग्यच मागितले. पण हीच अट जर लाइटमनने घातली असती तर? दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा राहिला असता आणि वर्तमानपत्रात एक ओळही आली नसती.

टोकनचा धडा

एकेरी मार्गावर चाललेल्या जुन्या ड्रायव्हरांना टोकनचा गोळा आठवत असेल. गोळा हातात आल्याशिवाय गाडी हलत नसे. साहेब घाईत असो, मंत्री गाडीत असो, ड्रायव्हर शांतपणे सांगे, 'गोळा दाखवा.' त्यात उद्धटपणा नव्हता आणि हिंमतीचा प्रश्नही नव्हता, कारण ती पद्धतच होती. पुढच्या मार्गावर ज्याचा जीव पणाला लागणार, त्याच्याच हातात परवानगी द्यायची, हे त्या पद्धतीचे शहाणपण. प्रायव्हेट नंबर देऊन-घेऊन मिळालेला ब्लॉक, कॉशन ऑर्डर, बॅनर झेंडा, रुळावरचे फटाके ही सारी त्याच शहाणपणाची रूपे. त्यांतला एकेक नियम कोणाच्या तरी रक्ताने लिहिला गेला आहे.

पण हे शहाणपण रेल्वेत तरी सर्वांपर्यंत पोहोचले आहे काय? २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगाव या स्टेशनांच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला गेलेले सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडून ठार झाले. इन्स्पेक्टरपासून मदतनिसापर्यंत तिघेही एकाच ठिकाणी गेले. चालू मार्गावर, गाड्यांच्या गर्दीत, बिघाड लवकर काढण्याच्या घाईत काम करणाऱ्या ट्रॅक मेंटेनरला आपल्या कामासाठी ब्लॉक आहे की नाही, असल्यास किती वाजेपर्यंत आहे, हे दरवेळी सांगितले जाते काय? ठेकेदाराच्या मजुराला तर 'ब्लॉक' हा शब्द तरी समजावून दिला जातो काय? आल्टामाहाच्या पुलावरचा प्रकार परदेशातला म्हणून बाजूला ठेवता येत नाही तो यामुळे.

काही जण म्हणतात, प्रत्येक जण कागद मागू लागला तर काम व्हायचे कसे? टोकन मागितल्याने रेल्वे कधी बंद पडली नाही. टोकन होते म्हणून समोरासमोर येणाऱ्या गाड्या एकाच रुळावरून शंभर वर्षे धावल्या. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सारा जोन्स संघटनेची सभासद होती, तरी ती वाचली नाही, मग संघटनेचा उपयोग काय? आमचे उत्तर असे. खिशातले सभासदत्वाचे कार्ड गाडी थांबवत नाही. कामाच्या जागी संघटनेचा माणूस हवा, त्याला कागद पाहण्याचा अधिकार हवा आणि कागद नसेल तर काम थांबवण्याचा अधिकार हवा. या तिन्हींपैकी एक जरी नसले, तरी सभासदत्वाचा आधार अपुरा पडतो. त्या दिवशी त्या पुलावर हेच अपुरेपण जिवावर बेतले.

आमच्या मागण्या

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ साली स्वीकारलेल्या १५५ क्रमांकाच्या करारात कलम १३ असे सांगते की, जिवाला तात्काळ आणि गंभीर धोका आहे असे सकारण वाटून जो कामगार कामावरून दूर होतो, त्याला त्यापायी त्रास होता कामा नये. २०२२ साली हा करार संघटनेच्या मूलभूत करारांत गणला गेला. आपल्या सिनेकामगारांचा कायदा आणि हा करार एकाच वर्षी जन्मले, हा योगायोग. दोन्ही कागदावरच राहिले, हा मात्र योगायोग नव्हे.

म्हणून आम्ही सुचवतो ते असे. चित्रपटाच्या सेटवर अटेंडंट, लाइटमन, स्पॉट बॉय यांच्यासह प्रत्येकाला पहिल्या पाळीआधी लेखी करार मिळावा आणि त्यात विश्रांतीचे तास लिहिलेले असावेत. धोक्याच्या जागी काम सुरू होण्यापूर्वी परवानगीचा कागद सर्वांसमोर वाचून दाखवावा. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या भाषेत सांगावा. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरण असेल, तर हजर असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला ते तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार असावा. पनवेल-रोहा मार्गावरचे आपटा स्टेशन काय किंवा घाटातला एखादा पूल काय, रुळाला सिनेमा कळत नाही. रुळांवर चालणाऱ्या प्रत्येक कामाला, मग ते खात्याचे असो वा ठेक्याचे, हाच नियम लागू व्हावा. आणि रुळालगत माणसे दिसली की कंट्रोलला कळवणाऱ्या लोको पायलटला पंक्चुअॅलिटीच्या नावाखाली जाब विचारला जाऊ नये.

भुसावळ, नागपूर, सोलापूर येथील शाखांनी, तसेच इटारसी, बिलासपूर, हुबळी, सिकंदराबाद येथे नोकरीनिमित्त गेलेल्या आमच्या मराठी बंधू-भगिनींनी येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. आपल्या शेडमध्ये, गँगमध्ये, सॉर्टिंग ऑफिसात कोणकोणते काम तोंडी हुकमावर चालते, त्याची यादी करावी आणि त्यातले प्रत्येक काम लेखी हुकमावर आणण्याची मागणी शाखेमार्फत प्रशासनाकडे पाठवावी. यादी करताना ठेक्याच्या मजुराला आणि ग्रामीण डाक सेवकाला शेजारी बसवावे, कारण तोंडी हुकूम सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येतात.

आपल्या गावाजवळ, आपल्या स्टेशनात चित्रीकरण आले, तर नट-नट्या पाहायला जरूर जा. त्याच वेळी कॅमेऱ्याजवळ वाकून जमिनीवर चिकटपट्टी लावणाऱ्या पोराशी किंवा पोरीशी दोन शब्द बोला. त्यांना विचारा, करार मिळाला का, काल किती वाजता सुटलात, ही जागा मोकळी असल्याचा कागद कोणी पाहिला आहे का? उत्तर 'माहीत नाही' असे आले, तर स्टेशन मास्तरांना गाठा. रेल्वे आपली आहे. तिच्या रुळांवर कोणत्याही खात्याचा, कोणत्याही कंपनीचा कामगार बेसावध उभा केला जात असेल, तर तो आपला प्रश्न आहे.

कागद दाखवा, मग काम सांगा!